लागेल कधीतरी

आमच्या माळ्यावर सध्या टीव्हीचा खोका आहे, मिक्सरचा खोका आहे आणि टीव्हीच्या खोक्यात आधीच्या मिक्सरचा खोका आहे. तो आधीचा मिक्सर कधीच भंगारात गेला, खोका मात्र थर्माकोलच्या ठोकळ्यांसकट शाबूत. चपलांची खोकी वेगळी, मिठाईची वेगळी. मिठाईच्या खोक्यांतून पुढच्या दिवाळीला कुणाकडे तरी फराळ पाठवता येतो, एवढं त्यांच्या बाजूने बोलायला हवं. बाकीच्यांच्या बाजूने बोलायला एकच वाक्य आहे आणि ते आपल्या घराघरांत वर्षानुवर्षं चालत आलंय: "असू दे, लागेल कधीतरी."

हे वाक्य टंचाईतून आलं असं आपण एकमेकांना सांगतो. रेशनच्या रांगा, मोजून मिळणारं रॉकेल, पाठकोऱ्या कागदांच्या शिवलेल्या वह्या. ते खरंच आहे. पण टंचाईतली माणसं मी जवळून पाहिली आहेत आणि मला आठवतं ते जरा निराळं आहे. बार्शीला आजीच्या घरात रिकामा खोका नव्हताच. जो डबा होता त्यात काहीतरी होतं, आणि ज्यात काही नव्हतं तो केव्हाच भंगारवाल्याकडे गेलेला असे. "लागेल कधीतरी" हे तिच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. काय लागणार आहे, केव्हा लागणार आहे आणि किती मापाचं लागणार आहे हे तिला आधी ठाऊक असायचं. डबा त्याच्यानंतर यायचा.

गेली काही वर्षं मीही घरातल्या टाकाऊ सामानातून डबे, खोकी, खणांचे कप्पे असलं काहीबाही करते. हौस आहे, दुसरं काही नाही. पण हे करताना सारखी आजीच्या घराशी तुलना होते आणि बहुतेक वेळा आजी जिंकते.

तिच्या धान्याच्या खोलीत भिंतीला लागून तेलाचे डबे होते. पंधरा किलोचा चौकोनी पत्र्याचा डबा, सगळ्यांनी पाहिलेला. तो रिकामा झाला की पत्रेवाल्याकडे जायचा. हा पत्रेवाला दुकानाच्या पायरीवरच बसलेला असे. डबा हातात आला की तो आधी उलटा करून बुडावर टिचकी मारायचा. गंजून पातळ झालेला पत्रा बद्द वाजतो. पास झालेल्या डब्याचं तोंड छिन्नीने कडेकडेने कापत न्यायचं, आणि मग त्यातलं खरं काम: कापलेला काठ पक्कडीने बाहेर वळवून हातोडीने सपाट ठोकायचा, म्हणजे धान्यात हात घालताना मनगट कापत नाही. दुसऱ्या एखाद्या फुटक्या डब्याच्या पत्र्याचं झाकण, मागे बिजागरी, पुढे कडी-कोयंडा, फटींना डाक. घरी आल्यावर तेलाचा वास घालवायला चुलीतली राख, मग सोड्याचं गरम पाणी, मग चांगलं खणखणीत ऊन. त्यानंतर त्यात तूरडाळ जायची, तीही एरंडेलाचा हात फिरवून.

टिचकीत नापास झालेला डबाही वाया जात नसे. तिरका कापला की केरभरणी व्हायची. १९३७ साली बाजारात आलेल्या डालड्याने आपल्या स्वयंपाकाचं भलं केलं की वाटोळं, यावर वाद घालता येईल. पण ताडाच्या झाडाचं चित्र असलेल्या त्या पिवळ्या डब्याने तुळशीची, रॉकेलच्या मापाची आणि पहाटेच्या टमरेलाची सोय केली याबद्दल वाद नाही.

पत्र्याचा डबा मात्र काही झालं तरी बाजारातून आलेला. माझं खरं कौतुक आहे ते कागदाच्या लगद्याच्या टोपल्यांचं. घरातल्या रद्दीतून, घरातल्या मेथीने, घरातल्याच भांड्यावर बेतलेल्या. सोलापूरकडे, मराठवाड्यात, विदर्भातही जुन्या घरांतून त्या असायच्या. आता कुठे एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या पलंगाखाली एखादी सापडते, आत लोकर नाही तर वाती.

या टोपल्या चैत्र-वैशाखात व्हायच्या. पापड, कुरडया, सांडगे ज्या गच्चीवर वाळत असत, त्याच गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ज्यात ते पुढे वर्षभर राहणार त्या टोपल्याही वाळत असत. त्या वर्षी कुरडया जास्त घातल्या असतील तर टोपलीही मोठ्या पातेल्यावर थापायची. असा हिशेब असायचा.

कागद आम्ही मुलं फाडायचो. वर्तमानपत्र उभं फाडलं की सरळ पट्टी निघते, आडवं फाडलं की ते वेडंवाकडं जातं. यंत्रावर कागद तयार होताना त्याचे तंतू यंत्राच्या चालीने झोपतात, म्हणून हे असं होतं, हे नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं माहीत होतं की उभं फाडणाऱ्याचा ढीग लवकर वाढतो. फाडलेला कागद घंगाळात भिजत घालायचा. रोज पाणी बदलायचं. ते काळपट, जरा तेलकट निघायचं. दोन-तीन दिवसांत कागद बोटांत कुस्करला जायला लागला की तो उखळात. इथे मुलांचं काम संपायचं, कारण ओला कागद कांडणं सोपं नाही. मुसळ खाली गेलं की लगदा त्याला धरून ठेवतो, सोडतच नाही. आजी आणि काकू आळीपाळीने कांडायच्या. अक्षर दिसेनासं झालं की लगदा झाला, ही खूण.

मेथी आदल्या रात्री भिजवलेली असे, ती पाट्यावर वाटायची. "हाताला तार आली पाहिजे गं, नुसतं बारीक होऊन उपयोग नाही," आजी म्हणायची. ती तार म्हणजे मेथीतला डिंक. गवारीच्या बियांत असतो त्याच जातीचा डिंक मेथीच्या दाण्यात असतो, आणि गवारीचा डिंक आज कारखान्यांतून घट्टपणा आणायला सर्रास वापरतात. आजीला त्याची गरज नव्हती. बोटं लांब केली की मध्ये तार दिसायची, तेवढं प्रमाण पुरे होतं. लगद्यात मेथी आणि मूठभर मुलतानी माती घालून कणकेसारखं मळायचं.

मग पातेलं पालथं घालायचं, त्यावर जुन्या धोतराचं ओलं फडकं बसवायचं आणि बुडापासून थापायला सुरुवात करायची. ओल्या तळव्याने, खाली काठाकडे उतरत. जाडी सगळीकडे सारखी हवी, विशेषतः बुडाच्या वळणावर, कारण तिथेच सगळे घाईने पुढे सरकतात आणि टोपली पुढे तिथेच फुटते. एकदा बसलं की पुरी करूनच उठायचं. वाळलेल्या लगद्याला ओला लगदा नीट धरत नाही. पहिला दिवस सावलीत. थेट उन्हात ठेवली तर वरचं आधी आवळतं आणि तडे जातात. लगदा वाळताना आकसतो, पातेलं काही आकसत नाही, त्यामुळे पूर्ण वाळू दिली तर ती भांड्याला घट्ट धरून बसते. फार लवकर सोडवली तर काठ लोळतो. ती नेमकी वेळ गाठणं हीच यातली विद्या. आजी पाठीवर थाप मारावी तशी टोपलीच्या बुडावर थाप मारायची, आवाज ऐकायची आणि म्हणायची, "संध्याकाळी." संध्याकाळी फडक्याची टोकं धरून ओढलं की टोपली अलगद सुटायची. मग सुलटी करून कडक ऊन. बाहेरून गेरू, आतून मेथीच्या वाटणाचा पातळ हात. काकूला हौस होती, ती बाहेरून लग्नपत्रिकांचे रंगीत तुकडे चिकटवायची. त्यामुळे एका टोपलीवर कितीतरी वर्षं "आमच्या मामाच्या लग्नाला नक्की यायचं हं" एवढंच वाचता येत होतं.

टोपली इतकी हलकी व्हायची की रिकामी आहे की भरलेली, हे उचलल्याशिवाय कळायचं नाही आणि उचलल्यावरही पापड असतील तर कळायचं नाही. पडली तर फुटत नसे. मेथीच्या कडूपणामुळे कीड लागत नाही, असं सगळ्या बायका सांगत. हे अर्धं खरं होतं. टोपलीतल्या तांदळात पोरकिडे झालेले मी पाहिले आहेत. टोपलीला स्वतःला कसर लागलेली मात्र पाहिली नाही.

आज अशी टोपली करून त्यात मी पीठ ठेवीन का? नाही ठेवणार. वर्तमानपत्राच्या शाईत खायच्या वस्तूजवळ नसावं असं बरंच काही असतं. डिसेंबर २०१६ मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ गुंडाळू नका असं बजावलं, आणि २०२३ मध्ये पुन्हा बजावलं. वडापाव अजून कागदातच मिळतो तो भाग वेगळा. गरम, तेलकट पदार्थाला शाई जास्त लागते हे उघड आहे, कोरड्या कुरडईला कमी लागत असेल. पण घरात स्टीलचे डबे असताना हा हिशेब करत बसण्यात अर्थ नाही. आजीकडे स्टीलचे डबे नव्हते. तिचा हिशेब तिच्या काळाचा होता आणि तो चोख होता. तिची पद्धत मला हवी आहे. तिने त्यात काय ठेवलं ते मी तसंच ठेवलं पाहिजे, असं मात्र नाही.

म्हणून माझ्या टोपलीत लसूण असतो, सालासकट. दुसरीत लोकरीचे गुंडे. तिसरीत चार्जर आणि कुठल्या यंत्राच्या ते कुणालाच न आठवणाऱ्या वायरी. उखळ आता नाही. माझी पळवाट म्हणजे अंड्यांचे करडे ट्रे. ते मुळातच लगदा साच्यात दाबून वाळवलेले असतात, त्यामुळे रात्रभर कोमट पाण्यात ठेवले की सकाळी हाताने मोडतात. कांडायचे कष्ट वाचतात. मेथी मात्र मिक्सरमध्ये वाटली तर तार कमी येते असं माझं मत आहे. आत्याच्या मते हे सगळं माझ्या मनाचे खेळ आहेत.

चिकटवण्याचा विषय निघालाच आहे तर खळीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण खोकी करणारे सगळे कात्रीबद्दल बोलतात आणि खळीबद्दल कुणी बोलत नाही.

लहानपणी घरात बाटलीतला पांढरा गोंद हे वाढदिवसाला मिळणारं प्रकरण होतं. फेव्हिकॉल १९५९ पासून बाजारात आहे, पण तो सुतारकामासाठी. पतंग, वह्यांची कव्हरं, आकाशकंदील यांना खळच. चमचाभर मैदा आधी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरं दूध दिसत असतं ते हळूहळू अर्धपारदर्शक होतं आणि चमच्याला जड लागायला लागतं. तिथे गॅस बंद. कच्ची राहिली तर ती धरत नाही आणि वाळल्यावर भुकटी होऊन पडते. जास्त शिजली तर बुळबुळीत होते. चिंचोक्यांची खळ त्याहून चिवट. चिंचोके भाजून, टरफलं काढून, भिजवून वाटायचे आणि शिजवायचे. आमच्या भागातले सनगर घोंगडी विणण्याआधी लोकरीच्या ताण्याला हीच खळ द्यायचे. घोंगडी नवी असताना जी कडक, टोचरी लागते त्यात या खळीचाही वाटा असतो.

खळीला एकच मोठा दोष, ती सगळ्यांना आवडते. झुरळांना, कसरीला, उंदरांना. पुस्तकं बांधणारे बाइंडर म्हणून खळीत मोरचूद घालत. निळसर छटा आली की किड्यांचा त्रास कमी. मोरचूद विषारी आहे, घरात लहान मूल असेल तर त्याच्या वाटेलाही जाऊ नये. मी खळीत मेथीचं किंवा कडुनिंबाचं पाणी घालते. त्याने किती फरक पडतो हे मला सांगता येणार नाही, पण वास मला आवडतो.

एवढी कटकट असताना मी खळच का वापरते याचं उत्तर मला रद्दीवाल्याने दिलं.

आमच्या इमारतीतल्या एका बाईंनी टाकाऊतून टिकाऊ म्हणून सुंदर पेटारा केला होता. मोठ्या खोक्याला आतून रेक्झिन, बाहेरून जुन्या पैठणीचा काठ, कोपऱ्यांना सोनेरी लेस, झाकणावर आरसे आणि सगळं पांढऱ्या गोंदाने पक्कं. दोन पावसाळ्यांनी त्याचं बूड फुगलं, काठाला काळे ठिपके पडले. त्यांनी तो रद्दीवाल्यापुढे ठेवला. त्याने उचलून पाहिला, नखाने काठ उचकटून पाहिला आणि परत ठेवला. "ताई, हे नाही चालत. साधा पुठ्ठा द्या, कापड लावलेलं कुठे देऊ मी?"

त्याचं बरोबर होतं. साधा तपकिरी खोका, जसा घरी येतो तसा, रद्दीत विकला जातो. त्याला भाव आहे, तो कागद गिरणीत जातो, पाण्यात विरघळतो, पुन्हा खोका होतो. दरवेळी तंतू आखूड होत जातात, त्यामुळे हे अनंतकाळ चालत नाही, पण पाच-सहा फेऱ्या सहज होतात. तोच खोका आपण कापड, रेक्झिन, लेस, आरसे लावून पक्का चिकटवला की त्याची पुढची सगळी दारं बंद. कापड पुन्हा कापड होत नाही, पुठ्ठा पुन्हा पुठ्ठा होत नाही. पांढरा गोंद वाळला की प्लास्टिकच, आणि गिरणीत लगद्यातल्या अशा चिकट कणांचा त्रासच होतो. टाकाऊतून टिकाऊ करता करता विकाऊ होतं ते टाकाऊ झालं.

पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली, तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. हे नाव उच्चारतानाच तीन वस्तू तीन ढिगांत वेगळ्या पडतात. या कामावर ज्यांचं पोट आहे त्यांना वस्तू वेगळी असणं म्हणजे काय ते कळतं, कारण वेगळी असली तरच पैसे मिळतात. आपल्या हौसेच्या पेटाऱ्यांत कागद, काच आणि पत्रा एकमेकांना जन्मभरासाठी चिकटवलेले असतात. माझा राग त्या बाईंवर नाही. तो पेटारा खरंच देखणा होता. माझा राग आहे तो शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासावर, जिथे एखादी वस्तू टिकाऊ झाली की नाही हे तिच्यावर किती टिकल्या लावल्या यावरून ठरायचं. आइस्क्रीमच्या काड्यांचा पेनस्टँड ज्या घरात तीन पेनंसुद्धा धड चालत नाहीत, त्याही घरात झाला पाहिजे. त्या काड्या जमवायला म्हणून आइस्क्रीम खाणारी मुलं मी पाहिली आहेत. नाकापेक्षा मोती जड.

आगकाड्यांच्या पेट्यांचं खणांचं कपाट मात्र या टीकेतून मी वगळते. सहा-आठ पेट्या एकावर एक, शेजारी शेजारी चिकटवायच्या, प्रत्येक खणाला पुढे मणी नाही तर बटण टाचायचं. बटणं, हुक, सेफ्टी पिना, पाटल्यांचे फिरकीचे स्क्रू त्यात जायचे. तो खण मुळात सरकायलाच केलेला असतो, त्याच्याकडून दुसरं काही करून घ्यावं लागत नाही.

सरकणं, दुमडणं, उभं राहणं या गोष्टी पुठ्ठ्याला येतातच, आपण त्या ओळखायच्या एवढंच. ऑनलाइन खरेदीने घरात येणारा खोका कापून त्याची कड उजेडात धरा. दोन सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी कागद दिसतो, त्याच्या बारीक नळ्या झालेल्या असतात. असा एकच थर असेल तर तीनपदरी, म्हणजे थ्री प्लाय. दोन नागमोडी थर असतील तर फाइव्ह प्लाय. नळ्या उभ्या ठेवल्या तर खोका वरून भार घेतो, आडव्या ठेवल्या तर दबतो. कारखान्यातला खोका म्हणूनच सहसा उभ्या नळ्यांचा असतो, आणि त्यातही बहुतेक भार चार कोपरे घेतात. आपण खोका कापून त्याचे नवे कप्पे करतो तेव्हा ही दिशा विसरली की कप्पा महिन्याभरात कंबर टाकतो.

नळ्यांच्या दिशेने दुमडणं सोपं, फारच सोपं, नको तिथे दुमडतं. आडवं दुमडायचं असेल तर आधी संपलेल्या रिफिलने पट्टी धरून रेघ दाबून घ्यायची. कापायची नाही, दाबायची. वरचा कागद फाटता कामा नये, आतल्या नळ्या तेवढ्या बसल्या पाहिजेत. मग पुठ्ठा काटकोनात वळतो आणि वळलेला राहतो. खणाचे कप्पे करताना पट्ट्यांना निम्म्यापर्यंत खाचा पाडून त्या एकमेकींत बसवल्या की गोंदच लागत नाही. मोजे, रुमाल, औषधांच्या पट्ट्या, मुलीचे रंग, सगळं त्यात उभं राहतं. नकोसं झालं की पट्ट्या ओढून काढायच्या आणि रद्दीत द्यायच्या. रद्दीवाला त्या नखाने उचकटत नाही.

काठ हा पुठ्ठ्याचा दुबळा भाग. उघड्या नळ्यांत झुरळाची पिल्लं बसतात, आणि पुठ्ठ्याचे थर मक्याच्या स्टार्चने चिकटवलेले असल्याने त्यांची आत खायची सोय आधीच केलेली असते. म्हणून काठांवर कागदाची पट्टी खळीने लावून नळ्यांची तोंडं बंद करायची. मी जुन्या कॅलेंडरचा कागद वापरते. त्यामुळे आमच्या औषधांच्या खोक्याच्या काठावर संकष्टी आणि भद्रा यांची रेलचेल आहे.

आत्याला हे पटत नाही. तिचं म्हणणं, खोका दिवाणखान्यात ठेवायचा तर त्याला कापड हवंच. "घर म्हणजे काय गोडाऊन आहे का?" तिचं घर देखणं आहे आणि तिच्या बोलण्यात तथ्य आहे. आजीच्या टोपलीवरही काकूने लग्नपत्रिका लावल्याच होत्या. नुसत्या उपयोगावर कुणाचं मन भरत नाही. आम्ही तडजोड केली. तिच्या वर्तमानपत्रांच्या खोक्याला मी जुन्या सुती साडीची खोळ शिवून दिली, उशीच्या अभ्र्यासारखी, खाली नाडी. मळली की काढून धुवायची. खोका मेला की खोळ दुसऱ्या खोक्याला. ती म्हणते खोळ सुरकुतते, चिकटवलेल्या कापडाची मजा हिला नाही. ते मान्य आहे.

काही गोष्टींना पुठ्ठा चालतच नाही, तिथे हौस आवरायची. वापरलेल्या बॅटऱ्या, सांडणारं काहीही आणि कागदपत्रं. घराची, जमिनीची कागदपत्रं लोक प्रेमाने मिठाईच्या किंवा साडीच्या खोक्यात ठेवतात आणि वाळवीला पानं वाढतात. त्यांना पत्र्याची ट्रंकच हवी.

आणि पाऊस. बार्शीच्या कोरड्या हवेत कागदाची टोपली वर्षानुवर्षं टिकायची, हे मी ठाण्यात राहायला आल्यावर नीट समजले. इथे जूनमध्ये पुठ्ठा हवेतलं पाणी पितो. हाताला गार लागायला लागतो, नंतर लिबलिबीत, आणि वर ठेवलेल्या वजनाने कोपरे बसतात. कोकणातल्या घरांत शेणाने सारवलेल्या बांबूच्या कणग्या का होत्या आणि कागदाच्या टोपल्या का फारशा दिसत नाहीत, हे तिथल्या एका पावसाळ्यात कळतं. आम्ही मे अखेरीस सगळी खोकी जमिनीवरून उचलतो, खाली लाकडी फळ्या टाकतो, भिंतीपासून चार बोटं पुढे ओढतो. लगद्याच्या टोपल्यांना बाहेरून जवसाच्या तेलाचा हात द्यायचा, तो वाळायला आठवडा लागतो, म्हणून तेही उन्हाळ्यातच.

पावसाळ्यात नवं काही करायला घेत नाही. खळ वाळत नाही, दोन दिवसांत तिला आंबूस वास येतो आणि लगद्यावर केसाळ बुरशी धरते. तोवर मापं घेऊन ठेवायची. सध्याच्या यादीत मशीनच्या बॉबिना आहेत, ज्यांना उभं राहता येईल असे उथळ खण हवेत. मुलीच्या हार्मोनियमच्या वह्या, ज्या कुठल्याच प्रमाणित मापाच्या नाहीत. आणि आत्याचे चष्मे, जवळचा, लांबचा आणि तो जो फक्त सुईत दोरा ओवायला लागतो. चष्म्यांच्या खोक्याला खोळ हवी आहे, नाडी नको, असा निरोप आला आहे.